डोलत्या सिलिंडरचं इंजिन: परसातल्या लेथवरच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

सकाळी परसातल्या खोलीत लेथची, म्हणजे धातू फिरवत कातायच्या यंत्राची, पूजा झाली. चकला (जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, पकडणाऱ्या तोंडाला) झेंडूची माळ, बेडवर हळदकुंकू, शेजारी मायक्रोमीटर, व्हर्नियर, कानशी, टॅपचा डबा. आज मशीन चालवायचं नाही हा आमच्या घरचा रिवाज, म्हणून दिवसभर कागदावरचं काम केलं.

ठरलं ते असं. एका सिलिंडरचं, डोलतं इंजिन करायचं. बोअर (सिलिंडरची आतली गोल पोकळी) १२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनचं ये-जा अंतर) २० मिमी. यात वेगळा व्हॉल्व्ह नसतो. सिलिंडर एका खिळीवर डोलतं आणि डोलता डोलता त्याचं भोक फ्रेममधल्या दोन भोकांसमोर आळीपाळीनं येतं. एकातून दाबाची हवा आत, दुसऱ्यातून बाहेर. पहिलं इंजिन करणाऱ्याला हेच योग्य, कारण भाग मोजून आठ-नऊ. पण याला खेळणं समजू नये. १८५८ मध्ये पाण्यात उतरलेल्या 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाची चाकं फिरवायला अशीच डोलती इंजिनं होती. एकेका सिलिंडरचा बोअर ७४ इंच आणि स्ट्रोक १४ फूट. माझ्या सिलिंडरचं तत्त्व तेच.

माझं लेथ लहान आहे. बेडवर १८० मिमी व्यासाचा जॉब फिरतो, दोन सेंटरांत ३५० मिमी लांबीचा मावतो. मिलिंग मशीन नाही. म्हणून पुढे जे जे लिहीन ते फक्त लेथ आणि बाकावरचं ड्रिल मशीन एवढ्यावर जमणारं असेल.

१३ ऑक्टोबर

भोकांचा हिशेब. चुकण्याची जागा हीच, म्हणून सगळा लिहून ठेवतो.

क्रॅंकची (पिस्टनची ये-जा फिरण्यात बदलणाऱ्या चकतीची) त्रिज्या १० मिमी. क्रॅंकच्या केंद्रापासून सिलिंडरच्या खिळीपर्यंत ५० मिमी. १० भागिले ५० म्हणजे ०.२. सिलिंडर दोन्ही बाजूंना साडेअकरा अंशांच्या किंचित वर डोलणार. सिलिंडरवरचं भोक खिळीपासून १८ मिमी वर धरलं, तर ते बाजूला १८ गुणिले ०.२ म्हणजे ३.६ मिमी सरकणार. फ्रेमवरची दोन भोकं मधल्या रेषेपासून ३.६ मिमी डावी-उजवी. मात्र त्यांची उंची १८ नव्हे, १७.६४, कारण भोक वर्तुळाकार वाटेनं सरकतं, बाजूला जाताना थोडं खाली उतरतं.

भोकाचा व्यास किती? ३.६ पेक्षा मोठा घेतला तर डेड सेंटरला (पिस्टन टोकाला पोचून परत फिरतो त्या क्षणी) दोन्ही भोकं एकाच वेळी थोडी उघडी राहतील आणि हवा आत येऊन तशीच बाहेर जाईल. मी ३.२ घेतला. म्हणजे मधे ०.४ मिमीची बंद पट्टी राहते.

१९ ऑक्टोबर

उद्यमनगरात फेरी. इथल्या दुकानांतून पितळेच्या, एमएसच्या (साध्या पोलादाच्या) कापून उरलेल्या तुकड्यांचे ढीग असतात, वजनावर देतात. पितळेचा २२ मिमी चौरस बार, एमएसची ८ मिमी पट्टी, १४ मिमीचा ब्राइट बार. फ्लायव्हीलसाठी एका फाउंड्रीतून ओतीव लोखंडाची चकती मिळाली, ६४ मिमी व्यासाची.

ओतीव लोखंडाबद्दल एक सांगून ठेवतो. चकती कातायला आठ दिवसांनी घेतली तरी चालेल, पण पहिला कट खोल घ्या. वरच्या कातडीत वाळूचे कण आणि कडक थर असतो. वरवर खरवडत बसलं की टूलची धार दोन मिनिटांत जाते. एक मिमी आत शिरलं की खाली लोणी. वेग कमी, ६० मिमी व्यासाला हायस्पीड टूलनं १०० आरपीएमच्या आसपास. तेलपाणी काही नको. काळी पूड उडते, ती बेडवर कागद टाकून अडवायची आणि नाकाला फडकं बांधायचं.

२ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी. पहिलं सिलिंडर कातलं. २२ मिमीच्या बारमधे १२ चा बोअर, म्हणजे भिंत ५ मिमी.

पितळेत ड्रिल मारताना ड्रिल एकदम आत ओढला जातो, जॉब चकातून उपटून निघू शकतो. उपाय जुना आहे: ड्रिलच्या दोन्ही कापणाऱ्या धारा तेलदगडानं समोरून थोड्या सपाट करायच्या. एवढंसं घासलं तरी पुरतं. पितळेसाठी असे चार-पाच ड्रिल वेगळ्या डबीत ठेवावेत, कारण तेच ड्रिल नंतर लोखंडाला नीट कापत नाहीत. टूललाही वर उतार द्यायचा नाही, सपाटच ठेवायचं.

बोअर छान झाला. मग जॉब काढून फोर-जॉ (चार जबड्यांच्या) चकात आडवा धरला, पोर्टची, म्हणजे हवेच्या भोकाची, बाजू फेसिंग केली (कातून सपाट केली) आणि खिळीच्या आट्यांसाठी ३.३ चा ड्रिल मारला. खोली ४ मिमी, भिंत ५. एक मिमी शिल्लक, असा माझा समज. टॅप मारून (आटे पाडून) बोअरमधे बॅटरी टाकून पाहिलं तर सुईच्या टोकाएवढा उजेड आरपार.

ड्रिलचं टोक मी धरलंच नव्हतं. ३.३ मिमी ड्रिलचं शंकूसारखं टोक जवळजवळ १ मिमी लांब असतं. भोकाची पूर्ण व्यासाची खोली ४ झाली तेव्हा टोक ५ वर पोचलं होतं. ज्यांना पातळ भिंतीत आंधळं (आरपार न जाणारं) भोक मारायचं आहे त्यांनी हे पाठ करावं: ड्रिलच्या व्यासाला ०.३ नं गुणा, तेवढं टोक पुढे जातं.

३ नोव्हेंबर

तात्या आले. आमच्या गल्लीतले, पंच्याहत्तरीचे, चाळीस वर्षं ऑइल इंजिनच्या कारखान्यात टर्नर होते. त्यांना सिलिंडर दाखवलं. भोकाबद्दल काही बोलले नाहीत. पोर्टची बाजू सरफेस प्लेटवर टेकवली, बोअरमधे १२ चा रॉड घातला आणि रॉडच्या दोन टोकांवरून डायल (बारीक फरक काट्यावर दाखवणारं माप) फिरवलं. ८० मिमीत ०.१५ चा फरक.

"हे भोक पडलं नसतं तरी तुझं इंजिन फिरलं नसतं," तात्या म्हणाले. "बोअर एका पकडीत केलास, फेस दुसऱ्या पकडीत. एकदा चकातनं निघालेला जॉब परत तसाच बसत न्हाई मर्दा. जे एकमेकाला काटकोनात पायजे ते एका पकडीत कर. आणि जे न्हाईच जमत, त्याला मग त्याच फेसवर बसव."

"मग आधी काय करू तात्या? बोअर का फेस?"

"फेस. आन् खिळीचं भोक बी त्याच पकडीत. बोअर मागनं."

रात्री बसून क्रम नव्यानं लिहिला. या छोट्या इंजिनात खरं काम एका सपाट बाजूचं आहे. खिळी तिला काटकोनात हवी, बोअर तिला समांतर हवा, फ्रेमची बाजू तिला अंगभर टेकायला हवी. बाकीचं थोडं इकडेतिकडे झालं तरी इंजिन फिरतं.

१० नोव्हेंबर

दुसरं सिलिंडर, आता २५ मिमी चौरस पितळेचा तुकडा, लांबी ४० मिमी. वजन २०० ग्रॅमच्या थोडं वर. बोअरचं केंद्र पोर्टच्या बाजूपासून १२ वर, म्हणजे भिंत ६ मिमी.

फोर-जॉ चकात धरून पोर्टची बाजू फेसिंग. पकड तशीच ठेवून सेंटर ड्रिल, ३.३ चा ड्रिल, खोली ४.२. टोक धरून ५.२. मग टेलस्टॉकच्या चकात टॅप धरून चक हातानं फिरवत आटे पाडले. तिसऱ्या टॅपचं टोक ग्राइंडरवर उडवून सपाट केलं होतं, त्यामुळे आटे तळापर्यंत पोचले. त्याच पकडीत खिळीभोवती १० मिमी व्यासाचा, ०.३ खोल खळगा केला. मधला भाग खाली गेला की फेस कडेकडेनं टेकतो, घर्षण कमी होतं आणि मधोमध फुगवटा राहण्याची भीती जाते.

हे सगळं चक न उघडता. त्यामुळे खिळी फेसला काटकोनात आली की नाही हे तपासायची वेळच येत नाही.

१६ नोव्हेंबर

बोअर. फेसप्लेटवर (चकाऐवजी बसणाऱ्या सपाट चकतीवर) लहान अँगल प्लेट (काटकोनी पट्टी) बोल्टनं बसवली. तिच्या उभ्या बाजूवरून डायल पुढेमागे नेऊन ती बेडला समांतर आहे हे पाहिलं. कागदाची एक पट्टी खाली सारावी लागली. मग सिलिंडरची पोर्टची बाजू अँगल प्लेटला टेकवली आणि खिळीच्याच आट्यांमधे मागून एम ४ चा स्क्रू घालून आवळली. वरून एक क्लॅम्प. जो फेस परवा केला त्याच्यावरच जॉब बसला, म्हणजे बोअर त्याला समांतरच निघणार.

असा एकांगी जॉब फेसप्लेटवर फिरवताना समोरच्या बाजूला तेवढंच वजन बांधावं लागतं, नाहीतर लहान लेथ बाकासकट थरथरतं. बेल्ट सैल करून फेसप्लेट हातानं फिरवून सोडा. ती दर वेळी वेगळ्या जागी थांबली की तोल साधला. मग मोटर लावण्याआधी एक पूर्ण फेरा हातानं फिरवा, बोल्टचं डोकं टूलपोस्टला लागत नाही ना ते बघा. दसऱ्याला देवळात मनगटावर बांधलेला दोरा मी आज सोडून ठेवला. फिरत्या फेसप्लेटसमोर मनगटावर दोरा नको, अंगठी नको, हातमोजे तर अजिबात नकोत.

६ चा ड्रिल, १० चा ड्रिल, बोअरिंग टूलनं ११.८५, शेवटी १२ चा रीमर (भोक नेमक्या मापाचं, गुळगुळीत करणारं हत्यार). रीमर कधीही उलटा फिरवायचा नाही, बाहेर काढतानाही सुलटाच.

रॉड घालून डायल लावलं. ८० मिमीत ०.०१. काटा जेमतेम हलला. मी ती खूण तीन वेळा वाचली.

२३ नोव्हेंबर

पिस्टन. १४ चा ब्राइट बार, १२.०२ पर्यंत कातला, तेल धरायला दोन बारीक खाचा पाडल्या आणि रॉडसाठी एम ४ चे आटे त्याच पकडीत. मग ६०० चा आणि १००० चा पॉलिश पेपर तेल लावून.

किती सैल ठेवायचा हे मायक्रोमीटर सांगत नाही, बोट सांगतं. सिलिंडर उभं धरून पिस्टन वरून सोडा, खालचं तोंड बोटानं बंद करा. पिस्टन मधेच थबकला पाहिजे, बोट काढल्यावर सरकन खाली आला पाहिजे. हे कोरड्या, स्वच्छ पुसलेल्या भागांवर करायचं, तेल लावलं की सैल पिस्टनही घट्ट वाटतो. माझ्याकडे तिसऱ्या खेपेला जमलं. व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची पेस्ट मात्र इथे वापरू नका. तिचे कडक कण मऊ पितळेत रुतून बसतात आणि धुऊनही निघत नाहीत. मग इंजिन आयुष्यभर स्वतःलाच घासत राहतं. फारच गरज पडली तर भांड्यांचं ब्रासो पुरे.

७ डिसेंबर

क्रॅंकची चकती. मधल्या भोकापासून बरोबर १० मिमीवर दुसरं भोक हवं. मिलिंग मशीन नसलेल्यांसाठी लेथच मिलिंग मशीन होतं: सेंटर ड्रिल हेडस्टॉकच्या चकात, चकती टूलपोस्टमधे. आधी चकतीचं मधलं भोक चकातल्या टोकदार पिनवर जुळवलं, मग क्रॉस स्लाइड (टूलपोस्टला आडवं सरकवणारा भाग) १० मिमी सरकवली. स्लाइडच्या चाकावरच्या डायलवर ४० खुणा आहेत, एक फेरा १ मिमी, म्हणजे एक खूण ०.०२५. दहा फेरे मोजले.

यात बॅकलॅश सांभाळायचा. माझ्या स्लाइडचा स्क्रू उलट फिरवला की पाच खुणा नुसताच फिरतो. म्हणून जुळवतानाही आणि सरकवतानाही एकाच दिशेनं यायचं. पुढे गेलंच तर एक पूर्ण फेरा मागे जाऊन परत यायचं.

फ्रेमची दोन भोकंही याच रीतीनं. पट्टी क्रॉस स्लाइडवरच्या अँगल प्लेटला आवळून, उंचीसाठी खाली १७.६ चं पॅकिंग, आडवं अंतर डायलवर ७.२. खिळीचं भोक मात्र मी ड्रिल मशीनवर मारून मोकळा झालो.

१४ डिसेंबर

लॅपिंगचा, म्हणजे फेस घासून अगदी सपाट करण्याचा, दिवस. काचवाल्याकडून जाड काचेचा तुकडा आणला, कडा मारून घेतल्या. त्यावर ४०० चा पॉलिश पेपर, रॉकेल, आणि इंग्रजी आठच्या आकारात हात. फेसवर मार्करनं जाळी काढायची. जिथली शाई आधी जाते तो उंचवटा. जाळी सगळीकडून एकदम पुसली गेली की १००० चा पेपर. दर वीस-तीस हातांनी जॉब चौथाई फिरवावा, नाहीतर हाताचा जोर एकाच बाजूला पडून उतार येतो. सिलिंडर आणि फ्रेम दोन्ही मिळून अडीच तास. लॅपिंगनंतर सगळं रॉकेलनं दोनदा धुतलं, भोकांतूनसुद्धा.

२१ डिसेंबर

जुळवणी. एअरब्रशचा छोटा कॉम्प्रेसर, रेग्युलेटर एका बारवर. १२ मिमीच्या पिस्टनवर एक बार म्हणजे साधारण ११ न्यूटन, सव्वा किलोच्या आतलंच बळ. तेवढं खूप झालं.

फिरलं नाही. फ्लायव्हील हातानं ढकललं की दोन-तीन फेरे आणि थांबलं. फेसच्या वरच्या कडेतून हवा फुसफुसत होती. सिलिंडरला फ्रेमवर दाबून धरणारी मागची स्प्रिंग आवळली तर हवा थांबली पण सिलिंडर डोलेना.

स्प्रिंग आवळत जाण्याचा मोह सगळ्यांना होतो, म्हणून हा हिशेब इथे देतो. हवा सिलिंडरला फ्रेमपासून ढकलते ती मुख्यतः त्या ३.२ मिमीच्या भोकाएवढ्या जागेवर. ८ चौरस मिमी गुणिले एक बार म्हणजे ०.८ न्यूटन. गळतीसाठी दुप्पट-तिप्पट धरा. बॉलपेनची स्प्रिंग याला पुरते. तिच्याहून जाड स्प्रिंग लागत असेल तर दोष फेसमधे किंवा खिळीत आहे.

२२ डिसेंबर

तात्यांना बोलवायच्या आधी स्वतः शोधायचं ठरवलं. फ्रेमला प्रशियन ब्लूचा (कुठे टेकतं ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा) पातळ हात लावला, सिलिंडर बसवून चार वेळा डोलवलं, काढलं. निळा फक्त खालच्या तिसऱ्या भागाला. वरची बाजू कोरडी.

दोन्ही फेस काचेवर वेगवेगळे तपासले, सपाट. म्हणजे खिळीचं फ्रेममधलं भोक तिरकं. ड्रिल मशीनचं टेबल डायलनं पाहिलं: १०० मिमीत ०.४ चा उतार. सिलिंडरसाठी जो नियम काटेकोर पाळला तो फ्रेमला लावलाच नव्हता. नव्या ड्रिल मशीनचं टेबल काटकोनात आहे असं धरून चालू नका. वाकवलेल्या तारेचं एक टोक चकात धरून हातानं फिरवलं, दुसरं टोक टेबलावर चारही दिशांना टेकतं का पाहिलं, एवढ्यानंही उतार कळतो.

२९ डिसेंबर

दुरुस्ती. फ्रेमची पट्टी फेसप्लेटवर आवळली, जुन्या भोकावर डायल जुळवून मध्य साधला म्हणजे पोर्टचं अंतर बिघडणार नाही. ०.१ चा एक कट फेसवर, आणि पकड न सोडता भोक ८ मिमीपर्यंत बोअर. त्यात पितळेची बुश (नळीसारखं अस्तर) दाबून बसवली, आणि तिचं ४ मिमीचं भोकही तिथेच, त्याच पकडीत रीम केलं. मग परत काच, परत ४०० आणि १०००.

संध्याकाळी वीज दोन तास नव्हती. तात्यांशी बोलता बोलता माझगावच्या अर्देशीर करसेटजी वाडियांची गोष्ट निघाली. गोदीतलं काम करणाऱ्या या माणसानं मुंबईत विहिरीचं पाणी उपसायला एका अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन घडवलं, १८३४ मध्ये स्वतःच्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले आणि १८४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले. तात्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं. बराच वेळ गप्प राहून त्यांनी एवढंच विचारलं, "बोअर कशावर काढला असंल रे त्यानं?"

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

तिळगूळ द्यायला पुतण्या आला होता. त्याला वाफेवर चालवायची घाई. त्याला जे सांगितलं ते इथेही लिहितो. एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेत सोळाशे लिटरांहून जास्त वाफ होते. बॉयलर फुटतो तेव्हा हा सगळा विस्तार एका क्षणात होतो. म्हणून पहिलं इंजिन हवेवर. पुढे बॉयलर करायचाच तर तांब्याचा, चांदीच्या झाळणानं जोडलेला. साधं शिसं-कथलाचं झाळण १९० अंशांच्या आसपास वितळतं, पाणी आटलं की ज्योतीपुढे टिकत नाही. आणि दाबाची चाचणी थंड पाणी भरून, चालवायच्या दाबाच्या दुप्पट. हवा भरून कधीही नाही. हवेचा साठा करायला पीव्हीसी पाइपही वापरू नये, तो फुटतो तेव्हा त्याच्या ठिकऱ्या उडतात.

१९ जानेवारी

ब्लू लावून पाहिला. फेस कडेनं सगळीकडून निळा, मधला खळगा कोरडा. जसा हवा तसा.

बॉलपेनची स्प्रिंग, दोन थेंब शिलाई मशीनचं तेल, रेग्युलेटर शून्यापासून हळूहळू. ०.४ बारला सिलिंडर एकदा डोललं, फ्लायव्हील अर्धा फेरा जाऊन परत आलं. ०.५ ला बोटानं नुसतं टेकवलं आणि ते निघालं. थांबलंच नाही. मोबाइलवर संथ चित्रण करून मोजलं: पाच सेकंदांत ४० फेरे, म्हणजे मिनिटाला ४८०. रेग्युलेटर ०.३ वर आणला तरी सावकाश फिरत राहिलं, प्रत्येक डोलणं डोळ्यांना दिसेल इतकं. हवेची नळी दुसऱ्या भोकात लावली, ते उलट्या दिशेनं फिरलं.

तात्यांना हाक मारली. ते दारात उभे राहूनच ऐकत होते. मग आत आले, खाली बसले आणि फ्रेमवर तळहात ठेवला.

"वरच्या डेड सेंटरला हलकं ठोकतंय बघ," ते म्हणाले. "क्रॅंकपिनचं भोक सैल हाय."

मोजलं. पिन ३.९४, भोक ४.०५.

२५ जानेवारी

नवी पिन, ४.०३, ब्राइट बारमधून. ठोका गेला. वीस मिनिटं सलग चालवून उघडलं. बोअरवर ओरखडा नाही, फेसवर दोन चमकदार कमानी उमटल्या आहेत, दोन्ही सारख्या रुंदीच्या. तेल दर पाच मिनिटांनी एक थेंब लागतं. फ्लायव्हील बसवलेला शाफ्ट ०.०५ डगमगतो, तो या आठवड्यात बघायचा आहे.